पाण्याची भीती घालवून मिळेल

ठाण्याच्या खाडीत कुणी उडी मारली की फायर ब्रिगेडच्या पाठोपाठ दुसरा फोन चेंदणी कोळीवाड्यात यायचा. आधी तो दामाजीला यायचा. दामाजीचे गुडघे गेल्यावर त्याच्या मुलाला, दर्शनला यायला लागला. दर्शन असेल तिथून निघायचा, कळव्याच्या नाहीतर कशेळीच्या पुलाखाली उतरायचा आणि त्या काळ्या गढूळ पाण्यात, डोळ्यांचा काही उपयोग नसतो म्हणून, हातांनी चाचपडत माणूस शोधायचा. सापडला की वर आणून द्यायचा. पोलीस चहा पाजायचे. घरी येऊन तो डेटॉलच्या पाण्याने आंघोळ करायचा आणि कामाला जायचा.

काम वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होतं, पॅकिंगचं. ती कंपनी वापीला हलली. यायचं तर या, नाहीतर हिशेब घ्या, असं सांगितलं. म्हातारे वडील, शाळेत जाणारी मुलगी नयन आणि खोपटला एसटी डेपोसमोरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसणारी बायको दक्षता, ह्या सगळ्यांना उचलून वापीला कुठे नेणार? दर्शनने हिशेब घेतला.

मग त्याने बरंच काही करून पाहिलं. टॉवरमधल्या लोकांना घरपोच मासळी द्यायला निघाला, तर लोक साफ केलेली, वास नसलेली मासळी मागायचे आणि पापलेट आठवड्यापूर्वीचं असलं तरी त्यांना चालायचं, फक्त पॅकेट छान हवं. ते त्याला जमलं नाही. दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवली, कंबर धरली. एका मॉलमध्ये सिक्युरिटीचा युनिफॉर्म घातला, तिथे वीस वर्षांचा पोरगा त्याला "ए" म्हणून हाक मारायचा. तेही सुटलं. मग तो घरीच राहायला लागला. दक्षता सकाळी निघताना तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि संध्याकाळी परत आली तरी तसाच. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, "भूक नाय." एकदा नयनने विचारलं, "पप्पा आजारी आहेत का?" तेव्हा दक्षताला रडू आलं आणि रागही आला.

त्या रात्री ती त्याच्या उशाशी बसली.

"दर्शन, तुला काय येतं?"

"काय येतं म्हणजे? काय नाय येत. बघतेयस ना."

"मी डोंबिवलीची. बादलीच्या वर पाणी पाहिलं नव्हतं मी. लग्नानंतर तू मला केळव्याला समुद्रात नेलेलं, आठवतं?"

"मग?"

"मी किंचाळत होते. तू काहीच बोलला नाहीस. मानेखाली हात ठेवलास फक्त. आणि मी गप्प झाले. पाण्यावर झोपले मी, दर्शन. मला अजून कळत नाही तू काय केलंस."

"काय केलं? काहीच नाय केलं. मान ताठ असते तोपर्यंत माणूस बुडतो. ती सैल झाली की कळतं हाताला. मग हात काढायचा."

"हे कुणाला येतं?"

त्याने कूस बदलून तिच्याकडे तोंड केलं.

"लहान मुलांना शिकवणारे गल्लोगल्ली आहेत," दक्षता म्हणाली. "मोठ्यांना कोण शिकवतं? आमच्या लॅबमध्ये रोज बायका येतात. गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणतात पोहा. त्या म्हणतात, आता ह्या वयात? भीती वाटते. तू पोहायला शिकवू नकोस. तू भीती घालव."

माजिवड्याच्या एका सोसायटीचा स्विमिंग पूल दुपारी रिकामा असायचा. तिथल्या सेक्रेटरीचे ब्लड रिपोर्ट दक्षताच्या काउंटरवरून जायचे. तिने त्यांच्याशी बोलून, मागे लागून, शेवटी दुपारचे आणि संध्याकाळचे काही तास भाड्याने मिळवले. बोर्डावरचा मजकूरही तिनेच लिहिला: "मोठ्यांसाठी पोहणं. पाण्याची भीती घालवून मिळेल."

पहिल्या आल्या त्या वल्लरी मॅडम, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या पायरीवर पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, "मी फक्त बघायला आले आहे. मला आत उतरवायचा आग्रह करू नका." दर्शनने आग्रह केला नाही. तो त्यांच्या शेजारी पाण्यात उभा राहून त्यांच्या शाळेबद्दल विचारत राहिला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या आपणहून उतरल्या. पुढच्या महिन्यात त्या पाठीवर तरंगत वर आभाळाकडे बघत होत्या आणि काठावर त्यांची सून तोंडावर हात ठेवून उभी होती.

मग लोक लोकांना सांगत गेले. ठाण्याचे आले, मुलुंडचे आले, ऑफिस सुटल्यावर कल्याण-डोंबिवलीला जाताना ठाण्याला उतरून येणारे आले. दर्शन शिट्टी वाजवायचा नाही, ओरडायचा नाही. एकेकाच्या मानेखाली तळवा ठेवून उभा राहायचा, बस. त्याला स्वतःलाच नवल वाटायचं की आयुष्यभर मेलेली माणसं शोधणाऱ्या आपल्या हातांना जिवंत माणसांचं एवढं कळतं. दक्षताने लॅब सोडली आणि बुकिंग, फोन, बॅचेस सगळं हातात घेतलं. घरात पुन्हा हसणं ऐकू यायला लागलं. दामाजी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमचा दर्शन मास्तर झाला."

प्रशांत ह्याच दिवसांत आला. तो विठ्ठलवाडीला राहायचा, ठाण्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला होता. चाळिशी ओलांडलेला, चष्मा, शर्ट नीट खोचलेला, बोलणं हळू. लहानपणी उल्हासनगरच्या एका खाणीच्या डबक्यात पडला होता, कुणीतरी केसांना धरून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून तोंडावर पाणी आलं तरी त्याचा श्वास कोंडायचा.

"सर, हसाल तुम्ही," पहिल्या दिवशी तो म्हणाला. "मी डोकं धुतो ना, तेव्हा आई अजून बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहते. बायको चिडवते मला."

"नाय हसत," दर्शन म्हणाला. "बसा पायरीवर."

प्रशांत पायरीवर फार दिवस बसला. दुसरे कुणी असते तर सोडून गेले असते. तो ऑफिसातून यायचा, कपडे बदलायचा, पाय बुडवून बसायचा, जायचा. आणि ज्या दिवशी त्याची मान सैल झाली त्या दिवशी दर्शनने हात काढल्याचं त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो पाण्यातच हसायला लागला, हसता हसता नाकातोंडात पाणी गेलं, ठसकला, उभा राहिला आणि परत झोपला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. स्वप्ना तिचं नाव. ती काठावर उभी राहून मोबाईलवर शूटिंग करत होती आणि म्हणत होती, "अहो, इकडे बघा ना! इकडे बघा!" तो मात्र वर बघत होता.

दिवाळीच्या आधी दक्षताने एक शनिवार ठरवला. नवीन लोकांना बोलवायचं, त्यांना पूल दाखवायचा, जुन्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलायचे. काठावर खुर्च्या मांडल्या. बरेच लोक आले. बोलायला प्रशांत उभा राहिला. ओल्या अंगावर टॉवेल घेऊन तो जे बोलला ते ऐकून खुर्च्यांवरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. शेवटी तो दर्शनकडे वळून म्हणाला, "सर, उद्या आमची ऑफिसची पिकनिक आहे, टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीवर. दरवर्षी सगळे उतरतात आणि मी चपला सांभाळत बसतो. ह्या वर्षी उतरू का?"

सगळे दर्शनकडे बघत होते. दर्शनला ठाऊक होतं. पूल कंबरेच्या थोडा वर आणि नदी म्हणजे नदी. पाऊस संपला तरी खाली ओढ असते, वाळू काढून काढून खड्डे पडलेले असतात. हे सगळं त्याच्या डोक्यात त्या क्षणी होतं. पण खुर्च्यांवर नवे लोक बसले होते, दक्षता हातात नावं लिहायचं पॅड घेऊन हसत उभी होती, आणि "नको" म्हटलं असतं तर त्या बोर्डाला काय अर्थ राहिला असता?

"उतरा की," दर्शन म्हणाला. "पाणी इथून तिथून सारखंच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना स्कूटरवर त्याच्या मनात आलं, प्रशांतला फोन करून सांगावं, गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. कोळीवाड्यात शेजारच्या घरी पोराचा पहिला वाढदिवस होता. दारातूनच बँड ऐकू आला, पोरांनी त्याला ओढून नाचायला नेलं. फोन राहून गेला.

रविवारी दुपारी जेवताना फोन वाजला. नंबर अनोळखी.

"मी स्वप्ना बोलतेय. प्रशांतची मिसेस." आवाज एकदम सपाट होता. "ते नदीत गेलेत. सापडत नाहीयेत. ते सांगायचे की तुम्ही खाडीतून माणसं काढता. याल का?"

दर्शन ताटावरून उठला. दक्षता मागून काय झालं, काय झालं विचारत राहिली. तो स्कूटर काढून निघाला.

नदीकाठी ऑफिसचे लोक उभे होते. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर कंपनीचं नाव आणि पिकनिकचं वर्ष. एकजण बसून ओकत होता. कल्याणहून फायर ब्रिगेडची गाडी आली होती, जवान गळ टाकून बघत होते. नदी वरून अगदी शांत दिसत होती, झाडांची सावली तिच्यात स्थिर पडलेली. एका सहकाऱ्याने सांगितलं, प्रशांत पाठीवर झोपला, सगळ्यांना हाका मारल्या, बघा म्हणाला. सगळे टाळ्या वाजवत होते. तो तसाच हळूहळू पुढे गेला. त्यांना वाटलं, मुद्दाम जातोय. मग त्याने उभं राहायला पाय खाली घेतले आणि खाली काहीच नव्हतं.

स्वप्ना विठ्ठलवाडीहून रिक्षाने आली होती. घरातल्या गाऊनवर ओढणी घेतलेली. ती सरळ दर्शनसमोर येऊन उभी राहिली.

"काल घरी येऊन नाचत होते ते. सर म्हणाले, उतरा. तुम्ही म्हणालात ना?"

"हो."

"मग आता तुम्ही उतरा."

दर्शनने शर्ट काढला. जवान म्हणाला, दोरी बांधून जा. त्याने बांधली. पाणी थंड होतं आणि खाडीपेक्षा कितीतरी स्वच्छ. पहिल्या बुडीतच त्याच्या पायांना ओढ लागली, खालून, बाजूला नेणारी. तो तिच्याबरोबरच गेला, कारण प्रशांतही तिच्याबरोबरच गेला असणार. कितीदा वर आला, कितीदा खाली गेला, त्याला कळलं नाही. काठावरचे लोक म्हणायला लागले, आता उद्या बघू. तो परत खाली गेला. एका करंजाची मुळं नदीत उतरली होती, त्यांच्या आत कोनाड्यासारखी जागा झाली होती. तिथे त्याच्या हाताला खांदा लागला.

आजवर काढलेली माणसं त्याने बगलेत धरून आणली होती. पण प्रशांतला तसं धरायला त्याचा हात धजेना. त्याने मानेखाली तळवा ठेवला आणि पाठीवर झोपवून, तोंड आभाळाकडे करून त्याला काठापर्यंत आणलं. मान पूर्ण सैल होती.

स्वप्ना ओरडली नाही. तिने प्रशांतच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि "चष्मा कुठेय?" असं विचारलं. तो कुणाकडे होता ते कुणालाच आठवेना.

सरकारी दवाखान्याच्या आवारात प्रशांतची आई रमाबाई भिंतीला टेकून बसली होती. दर्शनच्या ओल्या पँटकडे बघून तिने ओळखलं.

"तूच काढला का रे माझ्या लेकाला?"

"हो, आई."

"लई तळमळला असंल का?"

दर्शनला खरं काय ते माहीत होतं. मुळांच्या सालीवर नखांच्या खुणा होत्या.

"नाही आई," तो म्हणाला. "झोपल्यासारखाच होता."

रमाबाईने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, हे त्याला कळलं नाही.

दक्षता त्या दिवसापासून धीर देत होती. नदीत लोक दरवर्षी जातात. ऑफिसवाल्यांनी बघायला नको होतं का? तू देव आहेस का? ती हे सगळं म्हणायची आणि रात्री स्वतःच उठून पाणी प्यायला जायची, बराच वेळ परत यायची नाही. बातमी ग्रुपवर फिरली होती. काहींनी नावं काढून घेतली, पण बरेचजण येतच राहिले. कुणी दर्शनला काही बोललं नाही, उलट "सर, तुमचा काय दोष" म्हणाले. तेच त्याला सहन व्हायचं नाही.

आठवड्याभराने तो पाण्यात उतरला. वल्लरी मॅडम झोपल्या, त्याने मानेखाली हात ठेवला. त्या आता तयार झालेल्या, मान लगेच सैल पडायची. तशी पडली. दर्शनने हात काढला नाही.

"सोडा ना, सर."

तो तसाच उभा.

"सर? मला येतं आता."

त्याचा हात थरथरायला लागला. मॅडम उभ्या राहिल्या, त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "आज राहू द्या. चला, आपण जाऊ या." त्यानंतरच्या बॅचला तो कुणाच्याच मानेखाली हात ठेवू शकला नाही. त्याला वाटायचं, ही भीती ह्या माणसाला आजवर जगवत आली आहे आणि मी ती काढून घेणार, पुढे हा कुठे कुठे जाईल ते मला काय माहीत. तो काठावर बसून राहायचा. लोक एकमेकांकडे बघायचे. मग येईनासे झाले. दक्षताने सोसायटीला चाव्या परत केल्या आणि खोपटच्या लॅबमध्ये विचारायला गेली, तर तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती.

दर्शन परत भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. ह्या वेळी दक्षता उशाशी आली नाही. तिच्याजवळ विचारायला काही उरलं नव्हतं. एकदा नुसतं म्हणाली, "मीच लिहिलेला तो बोर्ड." एका संध्याकाळी नयनला घेऊन ती डोंबिवलीला माहेरी गेली. चार दिवसांसाठी म्हणाली, पण बॅग मोठी होती.

घरात दोघेच राहिले. दामाजी दारातून सरकत सरकत आत आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"तुना मी पवाला कवा शिकवलेला, आठवतंय?"

"नाय."

"मना आठवतंय. पयला वरीसभर तुना पानीत पाय लावू दिला नाय. काठाव बसवलेला. भरती कवा येते, चिखोल कुठं पाय खातो, पानी वरशी गप दिसतं नि खालशी कुठं वढतं, ते बघाला. तू रडायचास. बाकीची पोरं पवतान नि मना कनाला नाय? आठवतंय?"

दर्शन उताणा झाला.

"मंग?"

"मंग काय नाय. तुना पानीला भ्याला आधी शिकवलेला. तू लोकांना ते शिकवलाच नाय." दामाजी गुडघा चोळत राहिला. "मी पन बोललो नाय तुना. मास्तर झाला म्हनून गावभर सांगत बसलो."

म्हाताऱ्याने एवढं सांगितलं म्हणून दर्शन लगेच उठला, असं झालं नाही. त्याला आणखी वाईट वाटलं. जे येत होतं ते अर्धंच विकलं आपण, आणि तेही ज्या अर्ध्याला टाळ्या मिळतात ते. पण सकाळी तो उठला, दाढी केली आणि विठ्ठलवाडीला गेला. त्याला स्वप्नाला सांगायचं होतं की आपण क्लास कायमचा बंद केला. का सांगायचं होतं, हे त्याला नीट माहीत नव्हतं. तिला बरं वाटेल, असं काहीतरी.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली प्रशांतचा फोटो ठेवला होता, चष्म्यातला. रमाबाई आत झोपली होती. स्वप्नाने त्याला पाणी दिलं आणि समोर बसली. ऑफिसच्या कपड्यांत होती. प्रशांतच्या जागी तिला घेण्याबद्दल कंपनीत बोलणं चाललं होतं, तिथूनच आली होती.

"वहिनी, मी क्लास बंद केला," दर्शन म्हणाला. "परत कधी नाय घेणार."

स्वप्ना त्याच्याकडे बघत राहिली.

"मग? मी काय करू? थँक यू म्हणू?"

"नाय, तसं नाय..."

"मला बरं वाटेल असं वाटलं तुम्हाला?" तिचा आवाज चढला, मग आतल्या खोलीकडे बघून तिने तो दाबला. "तुम्ही काय सुटका करून घेताय स्वतःची? मी सकाळी उठते ना, तेव्हा मला तुमचा राग येतो. त्या रागावर मी उठते, चहा ठेवते, आईंना गोळ्या देते. तुम्ही बंद करून घरी बसलात, बिचारे झालात, तर मी कुणावर रागावू? त्यांच्यावर? ते किती खूश होते माहितीये तुम्हाला? तेवढे खूश मी लग्नातसुद्धा नाही बघितले त्यांना. ते पण तुम्हीच दिलंत. मला नुसता राग पण धड येऊ देत नाही तुम्ही."

दर्शन खाली मान घालून बसला होता. खालून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

"चालू करा," स्वप्ना म्हणाली.

"मला जमत नाय. हात थरथरतो."

"थरथरू दे. चालू करा. आणि जो कुणी नवीन येईल ना, त्याला पाण्यात घ्यायच्या आधी त्यांचं नाव सांगायचं. प्रशांत. काय काम करायचे ते सांगायचं. किती दिवस पायरीवर बसले ते सांगायचं. तुम्ही त्यांना काय म्हणालात, ते सांगायचं. त्याच शब्दांत. मग नदीत काय झालं ते. सगळं. मग ज्याला शिकायचं त्याला शिकवा."

"कोण येईल मग, वहिनी?"

"ते मला नका विचारू."

दर्शनने हो म्हटलं. दुसरं काही म्हणायची त्याला सोय नव्हती.

डोंबिवलीला जाऊन त्याने दक्षताला हे सांगितलं तेव्हा ती भडकली. "वेडी आहे का ती? आणि तू हो म्हणालास? अरे, कोण स्वतःच्या दुकानाच्या दारात मढं ठेवतं? आपण जगायचं कसं?" ती बरंच बोलली. रडली. तिच्या आईने नयनला शेजारी पाठवलं. शेवटी दक्षता थकून म्हणाली, "आणि नाही सांगितलं तर? तिला काय कळणार?"

"मला कळेल ना."

ती त्याच्याबरोबर परत आली. पण ती का आली, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी पुष्कळ आढेवेढे घेतले. वल्लरी मॅडमनी मध्ये पडून आठवड्यातली एकच संध्याकाळ मिळवून दिली. बोर्डावरची भीती घालवायची ओळ दक्षताने स्वतः पुसली. फोन केले तेव्हा मोजकीच माणसं जमली. दर्शन त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं. स्वप्नाने सांगितलं होतं तसं त्याने सांगितलं: प्रशांत, विमा कंपनीत होते, डोकं धुताना आई दाराबाहेर उभी राहायची. पायरीवर बसायचे. मग तरंगले. मग इथेच उभं राहून त्यांनी मला विचारलं. "उतरा की" पर्यंत आल्यावर त्याचा आवाज गेला. वल्लरी मॅडम उठून पाणी द्यायला निघाल्या, त्याने हातानेच नको म्हटलं आणि पुढचं सांगितलं. करंजाच्या मुळांपर्यंत. नखांच्या खुणा त्याने सांगितल्या नाहीत. रमाबाईला जे सांगितलं होतं त्यात बदल करायचा हक्क आपल्याला नाही, असं त्याला वाटलं.

एक जोडपं मधेच उठून गेलं. एक माणूस म्हणाला, "अहो, हे काय सांगताय? आम्ही इथे भीती घालवायला आलोय," आणि चपला घालून निघाला. एक बाई शेवटपर्यंत बसली, मग हात जोडून म्हणाली, "मला नाही जमणार, दादा." राहिले वल्लरी मॅडम आणि भिवंडी बायपासला गोडाऊनमध्ये काम करणारा रतन नावाचा एक माणूस.

"मग काय करायचं आज?" रतनने विचारलं.

"आज पाण्यात जायचं नाय," दर्शन म्हणाला. "खाडीवर जाऊ. ओहोटी लागलीय. बसून बघू."

कळव्याच्या पुलाजवळ ते काठावर बसले. पाणी कुठे गप्प दिसतं आणि कुठे खेचतं ते दर्शन दाखवत होता. वास येत होता, डास चावत होते. रतन दोनदा आला, मग आला नाही. मग दुसरं कुणी आलं. असंच चाललं. कधी दोघं, कधी कुणीच नाही. दर्शनचा हात अजून थरथरायचा, तरी तो ठेवायचा. सकाळच्या वेळी त्याने एका शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी धरली, दक्षताला कळव्याच्या एका दवाखान्यात काम मिळालं. पूर्वीसारखं काही राहिलं नाही. कोळीवाड्यात आता दामाजी दारात बसून कुणाला काही सांगायचा नाही.

ज्या संध्याकाळी नवीन माणूस यायचा, त्या संध्याकाळी स्वप्नाचा फोन यायचा. तिला कसं कळायचं, ते त्याने कधी विचारलं नाही. बहुतेक वल्लरी मॅडम सांगत असाव्यात.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"किती गेले उठून?"

"तिघं. एकजण राहिला."

"कोण आहे?"

"बँकेत आहे. कल्याणचा. बायकोला घेऊन आलेला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. रमाबाईने आतून काहीतरी विचारलं आणि स्वप्ना तोंड फिरवून म्हणाली, "कुणी नाही, आई. त्यांच्या क्लासचे सर आहेत." मग परत फोनवर आली.

"तिला सांगा," ती म्हणाली, "त्याच्या बायकोला. काठावर उभी राहून नुसतं शूटिंग करू नकोस म्हणावं."

"सांगतो."

"आणि ओहोटी दाखवलीत?"

"उद्या नेतोय."

"बरं," स्वप्ना म्हणाली आणि फोन ठेवला.